झडीच्या दिवसांत मार खाणारी कोंबडी

मृग लागला की खुराड्याचं दार उशिरा उघडायला लागतं. आगरात चिखल, वईखाली (कुंपणाखाली) पाणी, आणि एरवी दिवसभर उकरत फिरणाऱ्या दहा-बारा कोंबड्या मांगराच्या (शेतघराच्या खोपीच्या) कोपऱ्यात अडकून पडतात. चार दिवस झड लागली की पाचव्या दिवशी एखादीची शेपटी बोडकी दिसते. ती खाण्याकडे येत नाही, भिंतीला तोंड करून उभी राहते, बाकीच्या येताजाता तिला टोचून जातात. अशी कोंबडी घरोघर दिसते, आणि बहुतेक जण तिला दुर्बळ म्हणून सोडून देतात.

आधी पिसं नेमकी कुठली गेली ते बघा. शेपटीचा बुंधा आणि गुदद्वाराभोवतीची पिसं गेली असतील तर तो बाकीच्यांच्या चोचीचा मार. पाठीचा मधला भाग आणि मानेमागची पिसं मोडली असतील तर बहुधा कोंबड्याच्या नख्या; एकाच तलंगेवर (तरुण कोंबडीवर) त्याचा जीव जडलेला असतो. गुदद्वाराखाली पिसांच्या मुळाशी पांढऱ्या लिखांचे पुंजके दिसले तर उवा आहेत. अंडी उबवायला खुडूक बसलेली कोंबडी छातीची पिसं स्वतःच उपटते, तिची काळजी नको. पावसाळा सरता सरता पिसं आपोआप झडतात तेव्हा ती दोन्ही बाजूंनी सारखी जातात आणि कातडीवर जखम नसते.

रक्त दिसलं तर मात्र संध्याकाळची वाट बघू नका. लाल रंगावर सगळा कळप तुटून पडतो, आणि गुदद्वाराची जखम असेल तर आतडी बाहेर येईपर्यंत टोचतात. तिला लगेच बाहेर काढा, उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने जखम धुवा, कोरडी करा आणि पोव्हिडोन आयोडीन लावा. या हवेत माशी बसली की एक-दोन दिवसांत जखमेत किडे पडतात, म्हणून सकाळ-संध्याकाळ जखम उघडून बघा आणि कोंबडी जाळीखाली ठेवा. किडे दिसले तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. फिनेल किंवा झाडावर मारायचं औषध जखमेवर ओतू नका.

तिला ठेवायचं कुठे? मागच्या पडवीत एकटी डांबू नका. आठ-दहा दिवस कळपाच्या नजरेआड गेलेली कोंबडी परत आली की बाकीच्यांना ती परकी वाटते आणि मार पहिल्यापासून सुरू होतो. त्याच मांगरात डालग्याखाली (बांबूच्या टोपलीखाली) किंवा जाळीच्या आडोशाने ठेवा. दिसली पाहिजे, चोच पोचता कामा नये. अंग भरलं, जखम सुकली की रात्री सगळ्या दांडीवर बसल्यावर तिला हळूच मध्ये बसवा.

याहून चांगला उपाय उलटा आहे. खाणं टाकल्यावर अर्धा तास तिथेच बसून बघा. मारणारी बहुतेक वेळा एखादी-दुसरीच असते. तिलाच चार-पाच दिवस वेगळी काढा. परतते तेव्हा तिचा मान घसरलेला असतो. (आमच्याकडे ती आषाढात वड्यांबरोबर जाते, पण अंडी देणारी असेल तर हळहळ वाटते.) खाण्या-पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी मांडा, म्हणजे एकीला सगळी राखता येत नाहीत. भिंतीला एक फळी तिरकी टेकवून ठेवली तर मार खाणारीला आड जायला जागा होते.

पण मूळ दोष खुराड्यात आणि खाण्यात. रात्रीपुरत्या एका कोंबडीला दोन चौरस फूट पुरतात. दिवसभर कोंडायच्या तर चार चौरस फुटांच्या जवळ जागा हवी. खालचं भाताचं तूस ओलं झालं की अमोनियाचा वास डोळ्यांना लागतो आणि कोंबड्या चिडचिड्या होतात. ओला भाग काढून टाका, कोरडं तूस पसरा. एका घमेल्यात चुलीची गार राख आणि कोरडी माती भरून ठेवा. पावसात धूळस्नानाला जागा उरत नाही, आणि मग उकरायची सवय चोचीवाटे बाहेर पडते. शेवग्याचा किंवा माठाचा पाला चोचीच्या उंचीवर टांगा, तेवढाच विरंगुळा.

खाण्याचं जरा नीट बघू. आपल्याकडे कणी आणि कोंडा यावरच कोंबडी पोसली जाते. तांदळात प्रथिनं सात-आठ टक्के, अंड्यावरच्या कोंबडीला लागतात सोळा ते अठरा. ही तूट ती दुसरीची पिसं खाऊन भरून काढायला बघते, कारण पीस म्हणजे प्रथिनच. कणीत जवळा किंवा सुकट मिसळा, पण खारवलेली असेल तर आधी धुऊन वाळवा. जास्त मीठ गेलं की हगवण लागते. खोबऱ्याची पेंड चालते. शेंगदाण्याची पेंड पावसात बुरशी धरते. वास आला तर फेकून द्या, त्या बुरशीचं विष यकृतावर जातं. सोबत शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा.

गिरिराजसारख्या सुधारित जातीच्या भारी कोंबड्या आणि गावठी तलंगा एकाच खुराड्यात घालू नका, आणि नवीन पक्षी आणायचे असतील तर गणपती होऊन ऊन पडू दे. अंड्याच्या खोक्यावर पोत्याचा पडदा सोडा आणि प्रखर दिवा तिथून हलवा. तापल्या पात्याने चोच कापायचा सल्ला बाजारात मिळतो. परसातल्या दहा कोंबड्यांना त्याची गरज नाही. मार खाणारीची मान वाकडी होत असेल, विष्ठा हिरवी किंवा रक्ताळ असेल, तर तिला मारतात ती आजारी आहे म्हणून. तिला पूर्ण वेगळी करून डॉक्टरांना दाखवा.

मुळासकट उपटलेली पिसं काही आठवड्यांत पुन्हा येतात, अर्धवट मोडलेली मात्र पुढच्या वेळी पिसं आपोआप झडेपर्यंत तशीच राहतात. नव्या पिसांचे कोंब निळसर, रक्ताने भरलेले असतात. एक टोचा बसला तरी वाहतात. ते दिवस ती जाळीच्या आतच बरी.