खाणपट्टा बंद करताय? या चुका टाळा, नाहीतर अनामत अडकेल

खाण संपत आली की पट्टाधारकाला दोन कामं आठवतात: झाडं लावायची आणि खाण नीट बंद करण्याची हमी म्हणून ठेवलेली अनामत सोडवून घ्यायची. मग घाईघाईने रोपं लागतात, फोटो निघतात, अहवाल जातो. पुढच्या मे महिन्यात अधिकारी पाहणीला येतात तेव्हा उघड्या डंपवर, म्हणजे खाणीतल्या टाकाऊ माती-दगडाच्या ढिगाऱ्यावर, नुसत्या काड्या उभ्या असतात. याचं मूळ बहुतेक वेळा दहा-पंधरा वर्षं मागे, खाणीतलं पहिलं डंपर भरलं त्या दिवशी सापडतं.

वरची माती डंपमध्ये गाडणं

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. वरची माती वेगळी काढा, वेगळी साठवा आणि पुनर्भरणाला, म्हणजे खोदलेली जमीन पुन्हा पूर्ववत करायला, वापरा, असं नियम सांगतो. प्रत्यक्षात डंपर एकच, चालक एकच आणि डंपही एकच. फूट-दीड फूट काळी माती मुरूम आणि शेलच्या (ठिसूळ थरांच्या खडकाच्या) खाली जाते ती कायमची. काही ठिकाणी ती वेगळी काढतात खरी, पण वीस फुटी ढीग करून वर्षानुवर्षं तशीच ठेवतात. अशा ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही, त्यामुळे जिवाणू आणि गवताचं बी दोन्ही संपतं. ढीग बुटका ठेवा, त्यावर ताग किंवा गवत पेरा आणि डंपचा जो उतार तयार होईल त्यावर ती माती लगेच पसरा.

माती आधीच गेली असेल तर? नागपूर जिल्ह्यातल्या गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने साखर कारखान्यातलं प्रेसमड (रस गाळून उरलेली मळी) आणि जिवाणू व मायकोरायझा (मुळांना मदत करणारी बुरशी) यांची कल्चर वापरून झाडं उभी करून दाखवली आहेत. म्हणजे मार्ग आहे. फक्त तो खर्च तुमच्या अंदाजपत्रकात आहे का, ते बघा.

दाबलेल्या डंपवर थेट रोप लावणं

जून-जुलैत लावलेलं रोप दिवाळीपर्यंत हिरवंच दिसतं, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. उन्हाळ्यात मेलेलं एखादं रोप उपटून बघा. मुळं खड्ड्याच्या भिंतीला धडकून तिथेच गोल गुंडाळलेली दिसतील. आजूबाजूचा थर डंपरच्या चाकांनी दाबून घट्ट झालेला, खड्डा म्हणजे कुंडीच. म्हणून लागवडीआधी डंपचा माथा रिपरने (बुलडोझरमागच्या दात्याने) फोडून घ्या आणि मातीचा सामूही तपासा. कोळशाच्या डंपमध्ये पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) असेल तर पाणी आम्लधर्मी होतं. तिथे चुन्याशिवाय काही जगत नाही.

उताराचा एकच आकडा धरून चालणं

कोळसा खाणींच्या 2017 च्या विनियमांनुसार डंपचा उतार 37.5 अंशांपेक्षा जास्त चालत नाही आणि उंची 30 मीटरच्या वर गेली की टप्पे पाडावे लागतात. हा झाला सुरक्षेचा हिशोब. तुमच्या पर्यावरण मंजुरीत मात्र अंतिम उतार 28 अंश लिहिलेला असू शकतो. कोळशाच्या बऱ्याच मंजुऱ्यांमध्ये तो असतो. मॅनेजर पहिला आकडा पाळतो, पर्यावरणवाला दुसरा लिहून मोकळा होतो. मंजुरीतल्या अटी पाळल्याचा अनुपालन अहवाल दर 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यायचा असतो, त्यात ही तफावत आज ना उद्या उघडी पडते. नंतर उतार सपाट करायला जागा लागते आणि पायथ्याशी नाला, रस्ता किंवा कुणाचं शेत असलं की ती मिळत नाही.

झाडं मोजायची, गवत विसरायचं

8 जानेवारी 2020 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने खाणकामानंतर जमिनीवर पुन्हा गवत उगवलं पाहिजे, जमीन चाऱ्याला आणि जीवसृष्टीला योग्य झाली पाहिजे, अशी अट घालायला सांगितलं. तरीही आराखड्यात 'हेक्टरी अडीच हजार रोपं' एवढंच असतं. गोव्यातल्या जुन्या डंपांवर ऑस्ट्रेलियन बाभळीचं रान माजलंय. हिरवं दिसतं, पण गुरं तोंड लावत नाहीत. आधी स्टायलो, मारवेल, दशरथ घास असा चारा, झाडं त्यानंतर. पहिल्या पावसात माती धरून ठेवायचं काम गवतच करतं.

पैशाचा आणि तारखांचा घोळ

प्रधान खनिजांची (लोहखनिज, मँगनीज वगैरे) वित्तीय हमी, म्हणजेच अनामत, 2021 च्या दुरुस्तीनंतर 'अ' वर्ग खाणीला (अवजड यंत्रांनी किंवा जास्त मजुरांनी चालणाऱ्या) हेक्टरी 5 लाख आणि 'ब' वर्गाला (बाकीच्या खाणींना) 3 लाख रुपये झाली. जुने आराखडे समोर ठेवून 3 आणि 2 लाखांचा हिशोब करणारे अजून भेटतात. हेक्टर मोजताना फक्त खड्डा धरू नका. डंप, रस्ते, खनिजाचा साठा सगळं वापरातल्या क्षेत्रात येतं.

अंतिम बंद आराखडा खाण बंद होण्याच्या दोन वर्षं आधी भारतीय खाण ब्युरोकडे द्यायचा असतो. मुदतीत दिला नाही तर हमी जप्त होऊ शकते. कोळशाची पद्धत वेगळी आहे: पैसे एस्क्रो खात्यात (अटी पूर्ण झाल्यावरच पैसे सुटणारं राखीव खातं) जमा होतात आणि 2009 च्या मार्गदर्शक सूचनांपासून दर पाच वर्षांनी, झालेल्या कामानुसार, जमा रकमेचा काही भाग परत मिळण्याची सोय आहे. ज्यांनी कामाची बिलं नेहमीच्या उत्पादन खर्चात मिसळली, त्यांना पाचव्या वर्षी काय दाखवावं हेच कळत नाही. पुनर्भरणाचा खर्च पहिल्या दिवसापासून वेगळ्या खात्यावर लिहा.

दगडखाण किंवा मुरूम असेल तर ते गौण खनिज, म्हणजे राज्याचे नियम आणि जिल्हा खनिकर्म अधिकारी. प्रधान खनिजाचा आराखडा उचलून नावं बदलू नका. शेजारच्या तालुक्यातल्या नदीचं नाव तसंच राहिलेला आराखडा तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही.

खड्ड्यात पाणी साचलं की काम झालं असं मानणं

तलाव ठेवायचा असेल तर तो मंजूर आराखड्यात असायला हवा. काठाला टप्पे, कुंपण आणि पाण्याची तपासणीही हवी. सरळ कड्याच्या खड्ड्यात पोहायला उतरलेली मुलं बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात.

पट्ट्याची मुदत संपली म्हणून जबाबदारी संपत नाही. प्रधान खनिजाच्या खाणीत संरक्षण आणि पुनर्भरणाची कामं झाल्याचं प्रमाणपत्र हातात येईपर्यंत साइट सोडू नका, मशिनरी आणि चौकीदार आधी हलवू नका.