फ्लॅट दाखवायला जाताना एजंटांनी टाळाव्यात अशा चुका

पार्टी हातची जाईल या धास्तीपोटी एजंट ज्या तडजोडी करतात, त्यांतूनच बहुतेक वाईट प्रसंग ओढवतात. ‘आत्ता वाकडलाच आहे, दहा मिनिटांत फ्लॅट दाखवा’ असा फोन आला, की नाव, नोकरी, बजेट काहीही न विचारता चावी उचलून निघणे ही त्यांतली सर्वांत मोठी चूक आहे. पहिली भेट कार्यालयात किंवा निदान सोसायटीच्या गेटवर घ्यावी, आलेल्या नंबरवर आपण उलट फोन करून पाहावा आणि वॉचमनच्या रजिस्टरमध्ये ग्राहकाला स्वतःच्या हाताने नोंद करायला लावावी. खऱ्या ग्राहकाला यात काही गैर वाटत नाही. एवढ्यावरूनच जो हुज्जत घालतो, त्याच्याकडून ब्रोकरेज मिळण्याची आशा तशीही कमीच असते.

मात्र नोंद केली म्हणजे काळजी मिटली, असे नाही. लंडनच्या फुलहॅम भागात २८ जुलै १९८६ रोजी सूझी लॅम्प्लू ही २५ वर्षांची एजंट घर दाखवायला म्हणून गेली ती परतलीच नाही. तिच्या डायरीत वेळ, पत्ता आणि ‘मिस्टर किपर’ हे ग्राहकाचे नाव लिहिलेले होते, तरी तो माणूस कोण हे न्यायालयात आजवर सिद्ध झालेले नाही. त्यामुळे ठरल्या वेळी आपला फोन आला नाही तर कार्यालयातल्या कोणी, किती मिनिटांनी, काय करायचे हे आधीच ठरलेले असावे. व्हॉट्सॲपवरचे लाइव्ह लोकेशन पाठवताना एक तासाऐवजी आठ तासांचा पर्याय निवडावा. मुळशी किंवा कर्जतकडचे प्लॉट दाखवताना रेंज जाते, तेव्हा एकट्याने जाऊच नये आणि ग्राहकाच्या गाडीत तर बसूच नये. हे पुरुष एजंटांनाही तितकेच लागू आहे.

प्रत्यक्ष फ्लॅटमध्ये होणाऱ्या चुका फार साध्या असतात. रिकाम्या फ्लॅटचा दरवाजा वाऱ्याने आपटतो आणि लॅच आपोआप लागते, म्हणून आत पाऊल टाकण्यापूर्वी स्टॉपर लावावा आणि सेफ्टी डोअरही उघडेच ठेवावे. चावी कुलपाला लटकत न ठेवता खिशात टाकावी, नाहीतर बाहेरून कोंडले जाण्याची वेळ येते. ‘या, मास्टर बेडरूम बघा’ म्हणत आपण पुढे होण्याची सवय मोडून ग्राहकाला पुढे जाऊ द्यावे आणि आपण दाराच्या बाजूला उभे राहून माहिती सांगावी. बाथरूम आणि ड्राय बाल्कनी त्याने एकट्यानेच पाहिली तरी चालते. बंद फ्लॅटमध्ये बहुधा वीज नसते, त्यामुळे संध्याकाळच्या भेटीत टॉर्च लावून फोनची बॅटरी संपते. असे फ्लॅट उजेडातच दाखवावेत. बांधकाम चालू असलेल्या साईटवर लिफ्टच्या उघड्या डक्टचा धोका माणसांपेक्षा कमी नसतो, हेही जाता जाता सांगायला हवे.

एवढे करूनही शंका आली, तर सभ्यपणा आड येऊ देऊ नये. ‘मालकांचा फोन येतोय, खाली रेंज मिळेल’ असे सांगून सरळ बाहेर पडावे. कार्यालयाशी एखादे वाक्य आधीच ठरवून घ्यावे. ‘पाचव्या मजल्याची जुनी चावी सापडली का?’ असा फोन आला, की पलीकडच्याने काहीही न विचारता माणूस पाठवावा. ११२ वर फोन लावता येतोच, शिवाय पॉवर बटण लागोपाठ दाबून मदत मागण्याची सोयही फोनमध्ये असते. आपल्या फोनवर ते किती वेळा दाबावे लागते, हे सेटिंगमध्ये आजच पाहून ठेवावे.

तक्रार करताना ‘हद्द आमची नाही’ असे ऐकून परतू नये, कारण झिरो एफआयआर कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्यानुसार कामानिमित्त भेट दिलेली जागाही कामाची जागाच ठरते, त्यामुळे छळ करणारा बाहेरचा ग्राहक असला तरी तक्रारदार महिलेला मदत करणे एजन्सीच्या मालकाचे कर्तव्य असते.