रिझोल्यूशन की रिफ्रेश रेट? मॉनिटर घेण्यापूर्वी करून पाहायची चाचणी

गेमिंगसाठी मॉनिटर घेताना रिझोल्यूशनला (पडद्यावरील पिक्सेलची, म्हणजे ठिपक्यांची, संख्या) झुकते माप द्यावे की रिफ्रेश रेटला (पडदा सेकंदाला किती वेळा नवे चित्र दाखवतो तो हर्ट्झमधला आकडा), हा प्रश्न मॉनिटरचा वाटत असला तरी त्याचे उत्तर बहुतेक वेळा आपल्या संगणकात चित्रे तयार करणाऱ्या ग्राफिक्स कार्डात दडलेले असते. १९२० × १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, २५६० × १४४० वर सुमारे ३६.९ लाख आणि ३८४० × २१६० वर, म्हणजे फोर-के पडद्यावर, सुमारे ८२.९ लाख. कार्डाला प्रत्येक फ्रेम, म्हणजे एकेक पूर्ण चित्र, तयार करताना हे सगळे पिक्सेल रंगवावे लागतात. ६० हर्ट्झला एका फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात, तर १४४ हर्ट्झला जेमतेम ६.९. म्हणजे रिझोल्यूशन वाढवले की काम वाढते आणि रिफ्रेश रेटचा पुरेपूर उपयोग करायचा म्हटले की त्या कामासाठी मिळणारा वेळ घटतो. दोन्ही एकदम वाढवले तर मधल्या फळीतले कार्ड नव्या, जड गेममध्ये हमखास दमते.

म्हणून खरेदीआधी आपल्या सध्याच्या मॉनिटरवरच एक चाचणी करावी. नेहमी खेळता तो गेम सुरू करून व्ही-सिंक (फ्रेमचा वेग मॉनिटरच्या रिफ्रेश रेटशी बांधणारे सेटिंग) आणि फ्रेमची कमाल मर्यादा बंद करा, सेकंदाला किती फ्रेम निघतात हे दाखवणारा काउंटर चालू करा आणि सर्वांत गर्दीच्या प्रसंगी तो कुठवर घसरतो ते पाहा. मॉनिटर ६० हर्ट्झचा असला तरी कार्ड प्रत्यक्षात किती फ्रेम तयार करते हे काउंटरवर दिसतेच. सरासरीपेक्षा हा तळचा आकडा अधिक महत्त्वाचा, कारण अडखळणे तिथेच जाणवते. त्यानंतर गेममधील रेंडर स्केल, म्हणजे चित्र पडद्याच्या किती टक्के रिझोल्यूशनवर तयार करायचे ते ठरवणारे सेटिंग, वाढवा. ज्या गेममध्ये हे प्रमाण लांबी आणि रुंदी दोन्हींना स्वतंत्रपणे लागू होते, तिथे १०८०पी (१९२० × १०८०) पडद्यावर १३३ टक्के म्हणजे जवळजवळ १४४०पीचा (२५६० × १४४०) भार आणि २०० टक्के म्हणजे नेमका फोर-केचा भार. नवा मॉनिटर घरी आल्यावर कार्डाची काय अवस्था होईल, याचा बराच विश्वासार्ह अंदाज असा एक पैसाही खर्च न करता मिळतो. याउलट रिझोल्यूशन कमी करूनही फ्रेम वाढत नसतील, तर अडचण बहुधा प्रोसेसरची आहे किंवा गेमनेच मर्यादा घातलेली आहे. अशा वेळी उच्च रिफ्रेश रेटचे पैसे वाया जातील, आणि कार्डात दम शिल्लक असल्यास रिझोल्यूशन वाढवणेच शहाणपणाचे ठरेल.

तीक्ष्णपणा म्हणजे फक्त रिझोल्यूशन, हा समज मात्र अपुरा आहे. एखादी वस्तू पडद्यावरून सेकंदाला ९६० पिक्सेल वेगाने सरकते आहे असे समजा. ६० हर्ट्झच्या नेहमीच्या पडद्यावर प्रत्येक चित्र पुढचे येईपर्यंत जागच्या जागी थांबते, पण तिचा पाठलाग करणारी आपली नजर थांबत नाही, त्यामुळे ती वस्तू साधारण १६ पिक्सेल फरफटल्यासारखी दिसते. १२० हर्ट्झला, तेवढ्या फ्रेम मिळत असतील तर, ही फरफट ८ पिक्सेलवर येते आणि २४० हर्ट्झला ४ वर. दृश्य स्थिर असताना फोर-केने दिलेला बारकावा कॅमेरा वेगाने वळताच का पुसला जातो, याचे हे मुख्य कारण. नेमबाजीच्या स्पर्धात्मक गेममध्ये नजर सतत हलत्या लक्ष्यावर असते, म्हणून तिथे मी १०८०पी आणि २४० हर्ट्झ ही जोडी निःसंकोच सुचवेन. निसर्गदृश्ये पाहत सावकाश खेळायच्या कथाप्रधान गेममध्ये किंवा बारीक अक्षरांनी भरलेल्या डावपेचांच्या गेममध्ये रिझोल्यूशनचे पारडे जड होते.

पडद्याचा आकारही विचारात घ्यावा लागतो. २४ इंची पडद्यावर १०८०पी असेल तर इंचाला सुमारे ९२ पिक्सेल येतात आणि चित्र नीट दिसते. तेच २७ इंचांवर सुमारे ८२ पर्यंत उतरते आणि अक्षरांच्या कडा डोळ्यांना खुपू लागतात. २७ इंची १४४०पीवर हा आकडा सुमारे १०९ होतो. ज्यांना सर्व प्रकारचे गेम खेळायचे आहेत त्यांच्यासाठी २७ इंच, १४४०पी आणि १४४ ते १८० हर्ट्झ हा मला सर्वांत समतोल पर्याय वाटतो. फ्रेम वरखाली होत असताना चित्र फाटू नये म्हणून फ्रीसिंक किंवा जी-सिंक (मॉनिटरचा रिफ्रेश रेट कार्डाच्या फ्रेमशी जुळवून घेणारी तंत्रे) आहे ना, हेही पाहावे.

शेवटी केबल आणि सेटिंग. एचडीएमआय २.० मधून पूर्ण रंगांसह फोर-के मिळते ते ६० हर्ट्झपर्यंतच. १२० साठी एचडीएमआय २.१ किंवा डिस्प्लेपोर्ट १.४ लागते, तेही कार्ड आणि मॉनिटर या दोन्ही बाजूंना. जोडणी झाल्यावर विंडोजच्या प्रगत डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट स्वतः तपासा, कारण १४४ हर्ट्झचा मॉनिटर तिथे ६० वरच राहिलेला असू शकतो.