सेवाभावी संस्थेसाठी निधी मागताना: महाराष्ट्रात हे काम नव्याने करणाऱ्यांसाठी

वृद्धांचं डे केअर सेंटर, बेघरांचा निवारा, व्यसनमुक्ती केंद्र चालवणाऱ्या संस्थेत निधीची जबाबदारी अंगावर आली, की आधी प्रस्ताव लिहायला बसावंसं वाटतं. त्याआधी कपाटातल्या फायली काढा. चांगलं काम करणाऱ्या कितीतरी संस्थांचे अर्ज कागदांवर अडतात, आणि हे टाळता येतं.

महाराष्ट्रात सोसायटी म्हणून नोंदलेली संस्थाही १९५०च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असते. तिथून पीटीआरचा, म्हणजे सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था नोंदवहीचा, उतारा काढा आणि त्यावरची नावं वाचा. वारलेले किंवा राजीनामा दिलेले विश्वस्त त्यावर अजून असतील, तर बदल अर्ज दाखल झालेला नाही किंवा मंजूर व्हायचा राहिला आहे. बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो दाखल करायचा असतो. करारावर सही कोणाची आणि उताऱ्यावर नाव कोणाचं, हे देणगीदार ताडून पाहतात. अर्ज प्रलंबित असेल तर त्याची पोच आणि निवडीचा ठराव जोडून तसं स्पष्ट लिहा.

प्राप्तिकराच्या १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसूट) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) या जुन्या कायमस्वरूपी नोंदण्या आता चालत नाहीत, नव्या नोंदण्यांना मुदत असते. मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज करायचा, म्हणून तारीख भिंतीवरच लिहून ठेवा. नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवरचा क्रमांक आणि तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद एकाच फोल्डरमध्ये असू द्या.

मग पैसा कोणत्या प्रकारचा आहे ते पाहा. सर रतन टाटा ट्रस्ट (१९१९) किंवा सर दोराबजी टाटा ट्रस्ट (१९३२) यांसारखे जुने धर्मादाय ट्रस्ट स्वतःच्या उत्पन्नातून देतात. अशा ट्रस्टकडे कायम निधीसाठी, म्हणजे कॉर्पससाठी, मागू नका. एका ट्रस्टने दुसऱ्याला दिलेली कॉर्पस देणगी प्राप्तिकरात देणाऱ्याचा खर्च म्हणून धरली जात नाही. कंपनीच्या सीएसआरसाठी, म्हणजे कायद्याने सामाजिक कामावर करायच्या खर्चासाठी, संस्थेची सीएसआर-१ या फॉर्मवरची नोंदणी लागते, आणि संस्था कंपनीने स्वतः काढलेली नसेल तर तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभवही. परदेशी पैशाला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी, लागते. २०२०च्या दुरुस्तीनंतर तो पैसा एका संस्थेकडून दुसरीकडे वळवता येत नाही, त्यामुळे 'मोठ्या संस्थेमार्फत घेऊ' हा मार्ग बंद आहे.

सगळ्यात जास्त वेळ अंदाजपत्रकाला द्या. समजा, तालुक्याच्या गावी ३० ज्येष्ठांचं डे केअर आहे, वर्षात ३०० दिवस चालणारं. दोन काळजीवाहक, प्रत्येकी दरमहा १४,००० रुपये: ३,३६,०००. अर्धवेळ स्वयंपाकीण १०,०००: १,२०,०००. अर्धवेळ परिचारिका ९,०००: १,०८,०००. भाडं ८,०००: ९६,०००. एक वेळचं जेवण माणशी ४० रुपये: ३,६०,०००. बेरीज १०,२०,०००. नवखा माणूस इथेच थांबतो. हिशेबनीस, ऑडिट, फोन, देखरेख यांचे १२ टक्के, म्हणजे १,२२,४०० धरले की ११,४२,४०० होतात. दर माणशी दर दिवशी साधारण १२७ रुपये. प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर हा आकडा द्या. सेवेच्या कामात खर्च माणसांवरच होतो, तेव्हा पगार लाजून कमी दाखवू नका. कमी पगारावर काळजीवाहक टिकत नाही, आणि माणूस बदलला की सर्वात जास्त हाल स्मृतिभ्रंश झालेल्या आजी-आजोबांचे होतात.

'सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्च पाच टक्केच' असं तुम्हाला सांगितलं जाईल. ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवरचा थेट खर्च तिच्यात येत नाही. नम्रपणे, नियमाचा मजकूर जोडून हे दाखवा. तरीही कंपनी ऐकेलच असं नाही. तेव्हा देखरेख करणाऱ्याचा पगार प्रकल्पाच्या थेट खर्चात, त्याने दिलेल्या वेळेच्या प्रमाणात मांडा.

फेब्रुवारीत अचानक आलेल्या सीएसआर प्रस्तावाबाबत सावध राहा. कंपनीचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि पैसा तोवर खर्च झालेला हवा असतो. सहा आठवड्यांत तुम्ही खुर्च्या आणि टीव्ही घ्याल, काळजीवाहक नेमू शकणार नाही. प्रकल्प बहुवर्षीय, म्हणजे 'ऑनगोइंग', म्हणून मंजूर करता येईल का, हे करार होण्याआधी विचारा. मग उरलेली रक्कम कंपनीला वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या तीन वर्षांत वापरता येते.

निधी हप्त्यांनी येतो आणि पुढचा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्रावर, म्हणजे आधीचा पैसा ठरलेल्या कामावर खर्च झाल्याच्या दाखल्यावर, अवलंबून असतो. प्रत्येक देणगीदारासाठी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळं कॉस्ट सेंटर, म्हणजे खर्चाचा स्वतंत्र कप्पा, पहिल्याच दिवशी उघडा आणि व्हाउचरवर प्रकल्पाचं नाव घाला. मार्चमध्ये खर्च वाटून लिहायला बसलात की एकच बिल दोन देणगीदारांच्या नावे लागतं, आणि ऑडिटरला ते सापडतंच. मंजूर अंदाजपत्रकातल्या एका शीर्षकाचा पैसा दुसऱ्याकडे न्यायचा असेल, तर खर्चाच्या आधी ईमेलवर परवानगी घ्या आणि ती ईमेल छापून फायलीला लावा.