युद्ध मागणारं भाषण कसं तपासायचं

1993 साली श्रीवर्धनजवळ शेखाडीला आरडीएक्स उतरलं आणि 12 मार्चला मुंबईत 257 माणसं गेली. 2008 मध्ये कराचीहून आलेल्या दहा जणांनी भर समुद्रात ‘कुबेर’ ही मच्छीमार नौका बळकावली, तिच्या तांडेलाला, म्हणजे नौका चालवणाऱ्या प्रमुखाला, मारलं आणि मुंबई गाठली. तेव्हा कोकणात कुणी ‘दहशतवादाची भीती उगाच आहे’ असं सांगू नये. भीती खरी असते, म्हणून तर तिच्यावर मतं आणि पाठिंबा मिळतो. तपासायचा आहे तो सांधा. झालेला हल्ला आणि आता मागितलं जाणारं युद्ध कोणत्या वाक्याने जोडलंय, ते शोधायचं.

आधी पूर्ण भाषण मिळवा. मोबाईलवर फिरणारा दीड मिनिटाचा तुकडा कामाचा नाही. त्यात टाळ्यांची वाक्यं राहतात आणि जोडणारी गळतात. सरकारी भाषणं पत्र सूचना कार्यालयाच्या संकेतस्थळावर मिळतात, संसदेतली सभागृहाच्या कामकाजात. दोन ओळींत मोकळी जागा सोडून छापा. लाल, निळं, हिरवं अशी तीन पेनं, चार-पाच माणसं, दीड-दोन तास एवढं पुरतं. त्यात त्या नेत्याला मानणारा एक जण आणि न मानणारा एक जण हवाच. सगळे एका बाजूचे बसले की आपल्याला हवं तेच अधोरेखित होतं.

घडून गेलेल्या गोष्टींची वाक्यं लाल करा. ‘घडू शकेल’, ‘शक्यता आहे’, ‘उद्या’ अशी वाक्यं निळी. ‘म्हणून हे करायला हवं’ ही हिरवी.

सरावासाठी अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांचं 7 ऑक्टोबर 2002 चं सिनसिनाटी शहरातलं, इराकविरुद्ध युद्धाची बाजू मांडणारं भाषण घ्या. अमेरिकेवरचा 11 सप्टेंबर 2001 चा विमानहल्ला त्यात येतो, तो लाल. इराक आणि तो हल्ला करणारी अल कायदा ही संघटना यांचे दहा वर्षांपासून संपर्क आहेत असं येतं. हल्ल्यानंतर इराकचा सत्ताधीश सद्दाम हुसेनच्या राजवटीने आनंद साजरा केला असंही येतं. पण ‘सद्दामने हा हल्ला केला’ हे वाक्य सबंध भाषणात कुठेही नाही. ते ऐकणाऱ्याने मनातल्या मनात तयार केलं. विमानं पळवणाऱ्या 19 जणांत एकही इराकी नव्हता, तरी ऑगस्ट 2003 मध्ये वॉशिंग्टन पोस्टच्या पाहणीत 69 टक्के अमेरिकनांना सद्दामचा हात असावा असं वाटत होतं. तसा पुरावा नाही, हे खुद्द बुश यांनी 17 सप्टेंबर 2003 ला सांगितलं, तोवर युद्ध सुरू होऊन सहा महिने होत आले होते.

म्हणून रंग देऊन झाले की वेगळ्या कागदावर एक ओळ लिहा: ‘अमुक हल्ला अमक्याने केला, पुरावा अमुक.’ जागा फक्त भाषणातल्या शब्दांनी भरायच्या. भाषणात नसेल तर जागा कोरी सोडा. सगळ्यात जास्त चूक इथेच होते, कारण ‘ते तर सगळ्यांना माहीत आहे’ म्हणत आपण ती स्वतःच भरून टाकतो.

निळ्या वाक्यांपुढे विचारा, हे कुणी पडताळलं? बुश यांच्या त्याच भाषणात म्हटलंय की शेवटच्या पुराव्याची वाट पाहत बसलो तर तो अणुस्फोटाच्या ढगाच्या रूपाने येईल. असं वाक्य दिसलं की त्याभोवती गोल करा. पुरावा देण्याची जबाबदारी तिथे बोलणाऱ्याच्या खांद्यावरून उतरते आणि शंका घेणाराच धोकादायक ठरतो. संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक नोव्हेंबर 2002 पासून इराकमध्ये तपासणी करत होते. ती पुरी होण्याआधीच मार्च 2003 मध्ये अमेरिकेने इराकवर हल्ला केला, आणि ज्या महासंहारक अस्त्रांच्या साठ्यांसाठी केला ते सापडले नाहीत.

तारखाही समासात मांडा. भाषण 7 ऑक्टोबरला, युद्धाच्या परवानगीवर अमेरिकी संसदेतलं मतदान 10 आणि 11 ऑक्टोबरला, त्याच संसदेची निवडणूक 5 नोव्हेंबरला. एवढ्यावरून हेतू सिद्ध होत नाही, पण घाई कुणाला होती ते विचारता येतं.

कधी कोरी जागा नीट भरते. 2008 चा हल्लेखोर कसाब जिवंत पकडला गेला आणि कटाचा काही भाग आपल्या भूमीवर रचला गेल्याचं पाकिस्तानने फेब्रुवारी 2009 मध्ये मान्य केलं. तिथे सांधा पक्का आहे. तरीही हिरवी वाक्यं वेगळी तपासावी लागतात: युद्धाचं उद्दिष्ट काय, ते कधी थांबणार, पुढचा हल्ला त्याने कसा टळणार, आणि समुद्र बंद राहिला तर खलाशाच्या घरी चूल कशावर पेटणार? त्या वेळी भारताने युद्ध केलं नाही. सागरी पोलीस ठाणी वाढवली, मच्छीमारांना ओळखपत्रं दिली.

पहिल्या दिवशी मत बनवू नका. 18 ऑगस्ट 2022 ला हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला बेवारस बोट लागली, आत तीन एके-47. घबराट साहजिक होती. त्याच दिवशी उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत सांगितलं की बोट ऑस्ट्रेलियन महिलेची, मस्कतहून युरोपला निघालेली, इंजिन बंद पडल्याने माणसांना उतरवून घेतलं आणि ती वाहत आली. संशयास्पद काही दिसलं तर किनारा सुरक्षेच्या 1093 या मदत क्रमांकावर लगेच कळवा, त्यात थांबायचं नाही. थांबायचं ते संदेश पुढे पाठवताना. निदान दोन दिवस.

रंगवलेला कागद तारीख घालून ठेवा. नेता गावात सभेला आला की त्यावरची एकच कोरी जागा निवडा, प्रश्न एका वाक्यात लिहून द्या आणि पोच घ्या.