चीनच्या युद्धोत्तर नोटा जमवताना: आधी साल वाचा, मग पैसे मोजा

1945 ते 1955 या दहा वर्षांत चीनमधलं चलन चार वेळा बदललं. फाबी या 1935 पासूनच्या जुन्या कागदी चलनाच्या जागी ऑगस्ट 1948 मध्ये सुवर्ण युआन आला, जुलै 1949 मध्ये रौप्य युआन. कम्युनिस्टांच्या ताब्यातल्या भागात 1 डिसेंबर 1948 पासून पीपल्स बँक या त्यांच्या मध्यवर्ती बँकेच्या नोटा सुरू झाल्या आणि 1 मार्च 1955 ला त्याही 10,000 ला 1 या दराने बदलून मिळाल्या. त्यामुळे हातातली नोट यातल्या कोणत्या चलनाची, हे आधी ठरवायचं. त्यासाठी चिनी भाषा यायला हवी असं नाही.

साल असं वाचा. प्रजासत्ताक चीनच्या नोटांवर ख्रिस्ती साल नसतं, 1912 पासून मोजलेलं वर्ष असतं. त्यात 1911 मिळवले की आपलं साल निघतं. या नोटांवरचा चिनी मजकूर उजवीकडून डावीकडे जातो. एक, दोन, तीन म्हणजे तितक्याच आडव्या रेघा. दहा म्हणजे अधिकचं चिन्ह. उजवीकडून तीन रेघा, अधिकचं चिन्ह, मग खाली आकडी वळलेला सात, असं दिसलं तर ते वर्ष 37, म्हणजे 1948. किमतीचे आकडे मात्र मुद्दाम किचकट लिहिलेले असतात, कारण साध्या एकाला एक रेघ वाढवून दोन करता येतात. सालासाठी तिकडे बघत बसू नका.

नवखे संग्राहक फसतात ते इथेच: छापलेलं साल म्हणजे चलनात आल्याचं साल नव्हे. उभ्या आकाराच्या, वर प्रजासत्ताकाचे संस्थापक सुन यात-सेन आणि मागे शांघायचं कस्टम्स हाउस असलेल्या ‘कस्टम्स गोल्ड युनिट’च्या (मुळात जकात भरण्यासाठीच्या चलनाच्या) बऱ्याच नोटांवर 1930 आहे, पण त्या सर्वसाधारण व्यवहारात आल्या 1942 पासून, 1 युनिटला 20 फाबी या दराने. अमेरिकन बँक नोट कंपनीने छापलेल्या काही सुवर्ण युआन नोटांवर 1945 आहे. तो साठा आधीच छापून ठेवलेला होता आणि 1948 मध्ये बाहेर काढला गेला. म्हणून वहीत तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहा: छापील साल, प्रत्यक्ष चलनात आल्याचं साल आणि पिक क्रमांक (पिकच्या नोटा-कॅटलॉगमधला त्या नोटेचा क्रमांक). छापखान्याचं नावही टिपा. तीच किंमत आणि तेच साल असूनही छापखाना बदलला की नोटेचा प्रकार बदलतो.

सुरुवात सेंट्रल बँक ऑफ चायनाच्या सुवर्ण युआनपासून करा. एका सुवर्ण युआनला 30 लाख फाबी मोजले होते आणि एकूण 2 अब्ज युआनहून जास्त रकमेच्या नोटा काढणार नाही असं वचन दिलं होतं. ती मर्यादा नोव्हेंबरमध्येच उठवली गेली. वर्ष उलटायच्या आत त्या नोटांना कुणी विचारेना, म्हणून त्यातल्या पुष्कळ आजही सहज मिळतात. 10 सेंटपासून 10 लाख युआनपर्यंत चढती माळ लावा. सुरुवातीच्या नोटांवरचं कोरीव चित्र बोटाला खरखरीत लागतं. 1949 च्या कित्येक नोटांचा कागद हलका आणि छपाई सपाट. महागाई कशी धावत होती, ते ही माळ नुसती हातात घेतल्यावर कळतं. आमच्या मते या काळाचा याहून चांगला संच दुसरा नाही.

पीपल्स बँकेच्या पहिल्या मालिकेकडे सावकाश वळा. तिच्यात 12 किमती आणि 62 प्रकार आहेत. मंगोल आणि उइगूर लिपीतल्या 1951 च्या नोटा सर्वांत दुर्मिळ, आणि बनावट मालही याच मालिकेचा भरपूर. 1955 पासूनच्या दुसऱ्या मालिकेतल्या 3, 5 आणि 10 युआनच्या, सोव्हिएत संघात छापून 1964 मध्ये मागे घेतलेल्या नोटांचंही तेच. या दोन्ही ठिकाणी मान्यताप्राप्त संस्थेने तपासून सीलबंद केलेलीच नोट घ्या आणि सीलवरचा क्रमांक त्या संस्थेच्या नोंदीत शोधून चित्र जुळवा.

बाकी नोटा स्वतः तपासता येतात. 10 पट भिंगातून रेषा पाहा. अस्सल रेषा सलग रंगाची असते. निळ्या, गुलाबी, पिवळ्या ठिपक्यांनी बनलेली दिसली तर ती आधुनिक छपाई. नुसती सपाट छपाई हा बनावटपणाचा पुरावा नाही, कारण खऱ्या नोटाही तशा छापल्या गेल्या. मग अंधारात अतिनील दिवा धरा. आजच्या पांढऱ्या कागदातली रसायनं निळसर चमकतात, 1940 च्या दशकातला कागद मंद राहतो. मात्र साबणाने धुतलेली अस्सल नोटही चमकते, म्हणून या एकाच चाचणीवर निकाल देऊ नका.

करकरीत म्हणून विकलेली नोट बाजूने पडणाऱ्या उजेडात तिरकी धरा. इस्त्री केलेल्या नोटेतही जुन्या घडीची रेघ राहते, कारण तिथले तंतू तुटलेले असतात. शिवाय कोरीव छपाईचा मागे उमटलेला उठाव दबून गेलेला असतो. अशी नोट करकरीतच्या भावाने घेऊ नका.

घरी आणल्यावर धुणं, इस्त्री, चिकटपट्टी, लॅमिनेशन यातलं काहीही नको. पीव्हीसीच्या पाकिटातून कालांतराने तेलकट द्रव्य सुटतं आणि नोट चिकट, डागाळलेली होते. पॉलिएस्टरची पाकिटं वापरा. आर्द्रता 40 ते 50 टक्के ठेवा. पिक क्रमांक वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून पाकिटात नोटेच्या मागे सरकवा. चिठ्ठीचा कागदही आम्लरहित हवा, नाहीतर नोटेच्या पाठीवर तिच्याच आकाराचा पिवळा चौकोन उमटतो.