काउन्सेलरना नवी थेरपी शिकवायची असेल तर वर्कशॉपवर थांबू नका

आपल्याकडे व्यसनमुक्ती केंद्रातल्या काउन्सेलरचं ट्रेनिंग म्हणजे काय ते ठरलेलं आहे, दादर-परळला एखादा हॉल, दोन दिवस पीपीटी, जेवण, सर्टिफिकेट, ग्रुप फोटो. आणि सोमवारी तोच काउन्सेलर पेशंटला तेच सांगतो, "अरे, बायकोपोरांचा तरी विचार कर." मुंबईत ज्यांच्यावर असं ट्रेनिंग घ्यायची जबाबदारी आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय, कारण पैसे आणि मेहनत दोन्ही चुकीच्या जागी जातंय.

2004 मध्ये अमेरिकेत विल्यम मिलर आणि त्यांच्या टीमने हेच तपासलं होतं. 140 व्यसन-काउन्सेलर घेतले, विषय मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग (एमआय), म्हणजे बदलायची कारणं आपण न सांगता पेशंटच्याच तोंडून बाहेर काढायची पद्धत. काहींना नुसतं वर्कशॉप दिलं, काहींना नंतर स्वतःच्या सेशनच्या रेकॉर्डिंगवर फीडबॅक, काहींना फोनवर कोचिंग, काहींना दोन्ही. नुसतं वर्कशॉप केलेल्यांचं शिकलेलं चार महिन्यांत ओसरायला लागलं, ज्यांच्या मागे कोणीतरी लागून राहिलं त्यांचं टिकलं. म्हणून बजेट करतानाच हॉल आणि जेवणावरचा खर्च कमी करा आणि पुढच्या सहा महिन्यांच्या सुपरव्हिजनचे, म्हणजे सेशन ऐकून सुधारणा सुचवत राहण्याचे, पैसे आधी बाजूला काढा.

थेरपी एकच निवडा. एमआय, सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायची थेरपी), रिलॅप्स प्रिव्हेन्शन (पुन्हा व्यसनाकडे वळू नये म्हणून तयारी), कॉन्टिन्जन्सी मॅनेजमेंट (व्यसनापासून लांब राहिल्याबद्दल छोटं बक्षीस) सगळं एकदम शिकवलं की काहीच हातात येत नाही, मी तर सांगेन एमआयपासून सुरू करा, ती आली की बाकीच्या थेरपीतही पेशंट टिकतो.

वर्कशॉपमध्ये लेक्चर कमी आणि रोलप्ले जास्त ठेवा, पण रोलप्ले आपल्या मातीतला पाहिजे. समजा पेशंट म्हणतोय, "मॅडम, रविवारी चाळीतली पोरं बसतात, मी नाही गेलो तर टोमणे मारतात." आपला काउन्सेलर लगेच म्हणणार, "असल्या मित्रांची संगत सोडा." पेशंट मान डोलावणार आणि विषय संपला. काउन्सेलरला तिथेच थांबवा आणि सल्ला न देता, प्रश्न न विचारता उत्तर द्यायला लावा. "म्हणजे दारूपेक्षा त्या पोरांमधून तुटायची भीती जास्त आहे." एवढंच म्हणून गप्प बसायचं. बहुतेक वेळा समोरचा पुढे बोलतोच, "तसं नाही, पण लहानपणापासूनचे आहेत ना, आणि सोमवारी कामावर जाता येत नाही ते वेगळंच." हे सोमवारचं तो स्वतःहून बोलला, आता ते पकडायचं.

खरं शिक्षण त्यानंतर सुरू होतं. प्रत्येक काउन्सेलरने महिन्यातून किमान एक सेशन रेकॉर्ड करायचं, पेशंटची लेखी परवानगी घेऊन, आणि ती फाइल व्हॉट्सॲपवर कुठेही फिरवायची नाही, ऐकून झाली की डिलीट, कारण गोपनीयता हा 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार पेशंटचा हक्क आहे. मग वीस मिनिटांचा तुकडा सगळ्यांनी मिळून ऐकायचा आणि मोजायचं, प्रश्न किती विचारले आणि पेशंटचं म्हणणं आपल्या शब्दात परत किती वेळा मांडलं. एमआयचं जे मोजमाप वापरतात त्यात एका प्रश्नामागे दोन वेळा मांडलं तर चांगलं धरतात, पण सुरुवातीला एकास एक जमलं तरी खूप आहे. विरारवाल्याला आणि कर्जतवाल्याला दर आठवड्याला परळला बोलवू नका, व्हिडिओ कॉलवर घ्या, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात कोणी येणार नाही.

हे आपल्याकडे होणार नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी गोव्याचं बघावं. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगत' या संस्थेने दारूच्या समस्येसाठी छोटी थेरपी तयार केली, एक ते चार सेशनची, आणि ती दिली मानसोपचाराची पदवी नसलेल्या साध्या काउन्सेलरनी. एकमेकांच्या सेशनचं रेकॉर्डिंग ऐकून गुण देणं हा तिथे सुपरव्हिजनचाच भाग होता. 2017 मध्ये लॅन्सेटमध्ये निकाल आला, 377 पुरुष, तीन महिन्यांनी थेरपीवाल्यांपैकी 36 टक्के लोकांचं पिणं त्रासदायक पातळीच्या खाली आलं, नुसते नेहमीचे उपचार घेतलेल्यांत 26 टक्के लोकांचं.

आता नाजूक भाग. मुंबईतले बरेच काउन्सेलर स्वतः व्यसनातून बाहेर आलेत, एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडलेल्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) मीटिंगांनी त्यांना वाचवलंय, त्यांना तुम्ही "तुमची पद्धत जुनी" म्हणालात तर पहिल्याच तासाला दार बंद. त्यांचा अनुभव ही केंद्राची ताकदच आहे. त्यांना एवढंच दाखवा की "मी सोडली, तू पण सोडशील" हे पेशंटला कधी धीर देतं आणि कधी ते ऐकून तो गप्प होतो, दोन्ही त्यांच्याच रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं. एएला पर्याय म्हणून थेरपी विकू नका, दोन्ही सोबत चालतात.

आणि एक गोष्ट कुठल्याही थेरपीच्या आधी शिकवा. रोज भरपूर पिणारा अचानक थांबला आणि हात थरथरतायत, घाम येतोय, भास होतायत, फिट आली, तर सेशन नाही, लगेच डॉक्टर. यात जीव जाऊ शकतो.

काउन्सेलर पगारासाठी केंद्र बदलतात, हे चालूच राहणार, म्हणून पहिल्या बॅचमधल्या दोघांना रेकॉर्डिंग ऐकून गुण द्यायला पक्कं शिकवा. नवीन माणूस रुजू झाला की पहिलं रेकॉर्डिंग त्यांनी त्याच्यासोबत बसून ऐकायचं, पुढच्या वर्कशॉपची वाट न बघता.